जिमच्या तक्त्यातला ‘अ‍ॅनाबॉलिक’ आकडा, खच्ची केलेले उंदीर आणि आपल्या पोरांची हाडं

मार्कंडेयकाठ (धागाकर्ती)

बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, सगळीकडच्या जिममध्ये एक तक्ता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. डावीकडं औषधांची नावं: टेस्टोस्टेरॉन, नँड्रोलोन, स्टॅनोझोलॉल, ऑक्झँड्रोलोन. उजवीकडं दोन आकडे, एक ‘अ‍ॅनाबॉलिक’ आणि दुसरा ‘अँड्रोजेनिक’. पहिला स्नायू वाढवण्याचा, दुसरा पुरुषी लक्षणं वाढवण्याचा. टेस्टोस्टेरॉनचे दोन्ही शंभर धरलेत, बाकीच्यांचे त्याच्या तुलनेत. पहिला आकडा मोठा आणि दुसरा लहान असला की ते औषध ‘क्लीन’, असं पोरांना सांगितलं जातं. हल्ली त्याच तक्त्याच्या खाली सार्म्सच्या, म्हणजे पुरुषी संप्रेरकाचं काम निवडक अवयवांत करायला बनवलेल्या रसायनांच्या, ओळी जोडल्यात: ऑस्टरिन, एलजीडी-४०३३, आरएडी-१४०. माझं शिक्षण औषधशास्त्रातलं, प्राण्यांच्या प्रयोगशाळेत काम केलेलं, आणि माहेरी सगळे लाल मातीतले. त्यामुळं हा तक्ता बघून गप्प बसवत नाही.

हा आकडा कुठून येतो ते आधी सांगते.

१९५३ साली हर्शबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी मांडली. वयात येणारे नर उंदीर घ्यायचे आणि त्यांना खच्ची करायचं. अंगातलं टेस्टोस्टेरॉन संपलं की प्रोस्टेट आणि वीर्याशय आक्रसतात. त्यांच्याबरोबर गुदद्वाराजवळचा लेव्हेटर एनाय नावाचा एक लहानसा स्नायूही आक्रसतो. मग रोज औषध द्यायचं, शेवटी उंदीर मारायचे, हे अवयव कापून काढायचे आणि वजन करायचं. लेव्हेटर एनाय किती वाढला यावरून पहिला आकडा, प्रोस्टेट नाहीतर वीर्याशय किती वाढलं यावरून दुसरा. ज्या आकड्याकडं बघून पोरगं दंडाचं स्वप्न बघतंय, तो आकडा उंदराच्या दंडाचा नाहीच, मांडीचाही नाही.

आणि हा स्नायू इतर स्नायूंसारखा वागतही नाही. अँड्रोजन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, पकडणारे पेशीतले रिसेप्टर त्यात फार जास्त. उंदराच्या मादीत तो मोठेपणी जवळजवळ नसतोच. संप्रेरक काढलं की झपाट्यानं सुकतो, दिलं की झपाट्यानं भरतो, म्हणून तर चाचणीसाठी तो निवडला. पोटरीचा किंवा मांडीचा स्नायू एवढ्या सहज हलत नाही.

दुसरी गोष्ट याहून मोठी. तो उंदीर खच्ची केलेला आहे. रिकाम्या हौदात घागर ओतली तर पाणी चढलेलं दिसतं, काठोकाठ भरलेल्या हौदात ओतली तर ते बाहेर सांडतं. बावीस वर्षांच्या धडधाकट पोराच्या अंगात स्वतःचं टेस्टोस्टेरॉन भरपूर असतं. बाहेरून औषध आलं की मेंदू वृषणांना थांबायला सांगतो. वृषणांना कामाला लावणारी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं रक्तात उतरतात, वृषण लहान होतात, शुक्रजंतू घटतात. खच्ची उंदरात हा भाग तपासायची सोयच नाही, कारण त्याला वृषणच नाहीत.

ही चाचणी आजही होते. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २००९ मध्ये ती ४४१ क्रमांकाची प्रमाणित पद्धत म्हणून घेतली. दहा दिवस डोस, पाच अवयवांची वजनं. पण तिथं विचारलेला प्रश्न निराळा आहे. एखादं कीटकनाशक किंवा कारखान्यातलं रसायन पुरुषी संप्रेरकासारखं वागतं का, की त्याला अडवतं? या प्रश्नाला ही चाचणी उत्तम उत्तर देते. कुठलं इंजेक्शन माणसाला सुरक्षित, हे ती सांगत नाही, सांगायला बनवलेलीही नाही.

ज्यांना गुरांचा, हाडांचा, मैदानाचा अनुभव आहे त्यांनी भर घालावी.

लाल_माती

ताई, लई बरं केलासा. आमच्या तालमीत खुराक म्हटलं की दूध, तूप, बदामाची थंडाई, केळी, अंडी. वस्ताद पावडरला बी नको म्हणत्यात. पण आता तालमीतली निम्मी पोरं संध्याकाळी जिमला बी जाऊलालेत आणि तिथनं ही गोळ्यांची नावं घिऊन येऊलालेत. सोळा-सतरा वर्षांची पोरं ओ! जत्रेतल्या मैदानाआधी ‘एक कोर्स मार, कांडं भरत्यात’ असं सांगणारी माणसं हायत. मला एवढंच सांगा, स्टिरॉइड आणि हे सार्म यात फरक हाय काय नाही? पोरं म्हणत्यात सार्म म्हणजे स्टिरॉइड न्हवं, संशोधन झालेलं हाय.

मार्कंडेयकाठ

दादा, संशोधन झालंय हे खरं आहे आणि ते चांगलं संशोधन आहे. म्हणूनच नीट सांगायला हवं.

सार्म्स रचनेनं स्टिरॉइड नाहीत, पण बसतात त्याच रिसेप्टरवर. कल्पना अशी होती की स्नायू आणि हाडात पूर्ण काम करायचं, प्रोस्टेटमध्ये कमी. नव्वदच्या दशकात टेनेसी विद्यापीठात जेम्स डाल्टन यांच्या गटानं ही रसायनं शोधली. २००५ साली त्यांच्या गटाचा एस-४ या सार्मवरचा अभ्यास आला. तो मला आवडतो, कारण तिथं फक्त लेव्हेटर एनायवर भागवलेलं नाही. खच्ची केलेल्या उंदरांच्या पोटरीतला सोलियस नावाचा स्नायू काढून तो किती जोरानं आवळतो हेही मोजलं. हाडांची घनता बघितली, अंगातली चरबी बघितली. स्नायूचं वजन आणि जोर दोन्ही धडधाकट उंदरांइतके परत आले, हाडांची झीजही रोखली गेली. नंतर अंडाशय काढलेल्या माद्यांमध्येही हाडांचा फायदा दिसला.

मग पुढं काय झालं? याच घराण्यातलं ऑस्टरिन, म्हणजे एनोबोसार्म, माणसांपर्यंत पोचलं. साठीपुढचे पुरुष आणि पाळी थांबलेल्या स्त्रिया अशा १२० जणांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली, तिचे निकाल २०११ मध्ये आले. रोज ३ मिलिग्रॅम घेणाऱ्यांचं बिनचरबीचं वजन सव्वा किलोच्या आसपास वाढलं. त्यानंतर फुप्फुसाच्या कर्करोगात खंगलेल्या रुग्णांवर मोठ्या चाचण्या झाल्या. तिथंही मांस वाढलं, पण जिना चढायची ताकद ठरवल्याप्रमाणं वाढल्याचं दाखवता आलं नाही, आणि औषध मंजुरीपर्यंत गेलंच नाही. उंदराच्या स्नायूचा जोर यंत्रावर वाढला, माणसाचं चालणं-चढणं तेवढं सुधारलं नाही. वजन आणि बळ या दोन गोष्टी आहेत, हे कुस्तीगीराला मी काय सांगणार!

स्नायू वाढवायला म्हणून अजून एकाही सार्मला मंजुरी नाही. अमेरिकेच्या एफडीएनं २०१७ मध्ये यकृताला इजा, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका सांगून जाहीर इशारा दिला.

शहापूर_फिटनेस

ताई, मी एलजीडी घेतोय. ऑनलाइन मागवलं, चांगल्या कंपनीचं आहे, बाटलीवर लॅब टेस्टेड लिहिलंय. उंदरांवर इतका डोस चालला तर माणसाला थोडा चालणारच की. आमचा ट्रेनर किलोवर हिशोब करून देतो.

मार्कंडेयकाठ

तो किलोचा हिशोब आधी थांबव. लहान प्राण्याचं शरीर औषध फार वेगानं जाळतं, त्यामुळं उंदराचा किलोमागचा डोस माणसाला तसाच लावत नाहीत. शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात तो साधारण सहापटीनं खाली आणतात, माइस, म्हणजे पिटुकल्या जातीच्या उंदरांचा, असेल तर बारापटीनं. आणि तोही आकडा घ्यायचा डोस नसतो. पहिल्यांदा माणसाला देताना सुरुवात किती खालून करायची हे ठरवायला त्याला आणखी भागतात. समजा उंदराला किलोमागे ३ मिलिग्रॅम दिलंय. तुझ्या ट्रेनरच्या पद्धतीनं सत्तर किलोच्या पोराला २१० मिलिग्रॅम होतात. वरच्या चाचणीत ऑस्टरिनचा डोस अख्ख्या माणसाला दिवसाला ३ मिलिग्रॅम होता. औषधं वेगळी आहेत हे मान्य, पण चूक केवढी मोठी होऊ शकते ते बघ.

बाटलीबद्दल. २०१७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक तपासणी छापून आली. सार्म म्हणून ऑनलाइन विकली जाणारी ४४ उत्पादनं घेतली. सार्म होतं फक्त २३ मध्ये. १७ मध्ये दुसरीच कुठली तरी मंजुरी नसलेली औषधं होती. चारांत काहीच नव्हतं. लेबलावरचं प्रमाण जुळलं ते ४४ पैकी १८ मध्ये.

अशा बाटल्यांत कार्डारीनही सापडतं. ते सार्मच्या नावाखाली विकलं जातं पण सार्म नाही. प्राण्यांमध्ये अनेक अवयवांत कर्करोग दिसला म्हणून मूळ कंपनीनं त्यावरचं काम सोडून दिलं. २०१३ मध्ये वाडानं, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं, खेळाडूंना त्याबद्दल मुद्दाम सावध केलं. प्राण्यांवरच्या चाचणीनं इथं आपलं काम चोख केलं होतं. तो इशारा बाटलीवर कुणी छापत नाही.

चिकोडीचा_गोठा

मी जनावरांचा डॉक्टर, चिकोडी-रायबाग भागात फिरतो. ताईंनी औषधांचा मुद्दा काढलाय तर क्लेनब्युटेरॉलबद्दल लिहायलाच हवं. हे मुळात दम्याच्या जातीचं औषध, घोड्यांच्या श्वासनलिका मोकळ्या करायला वापरतात. कळलं की यानं मांस वाढतं आणि चरबी घटते, आणि मग ते जिममध्येही आलं, शर्यतीच्या गोठ्यातही आलं.

उंदरांमध्ये क्लेनब्युटेरॉलनं स्नायू खरंच वाढतो, त्यात शंका नाही. पण एकाहून जास्त अभ्यासांत त्याच उंदरांची हाडं विरळ झालेली दिसली. हृदयाच्या स्नायूच्या पेशी मेलेल्या दिसल्या. अंग भरलेलं, आतला सांगाडा कमजोर. फक्त मांसाचं वजन करून प्रयोग थांबवला असता तर हे कुणाला कळलं नसतं.

बैलांच्या शर्यती आपल्याकडं परत जोरात आहेत. १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राचे कायदे वैध ठरवले, ते जनावराला कमीत कमी त्रास होईल या भरवशावर. तरी मला फोन येतात, ‘डॉक्टर, बैल फुटंल असं काही तरी द्या.’ मी देत नाही. पळणाऱ्या बैलाच्या नळीच्या हाडावर किती भार येतो ते मी बघितलंय, आणि पाय मोडलेल्या बैलाचं पुढं काय होतं तेही सगळ्यांना माहीत आहे. बैलाला विचारून कुणी सुई टोचत नाही. पोराला निदान विचारता तरी येतं.

खानापूर_ते_हुबळी

अस्थिरोग विभागात आहे, मूळ खानापूरचा. हाडांबद्दल सविस्तर लिहितो, कारण जिममध्ये हाडाचा विचार कुणीच करत नाही.

प्राण्यांमध्ये हाड तपासायचे बरेच मार्ग आहेत. डेक्सा या क्ष-किरण तपासणीनं घनता बघतात. मायक्रो-सीटीनं आतली जाळी बघतात, किती पट्ट्या, किती जाड, किती जोडलेल्या. टेट्रासायक्लिनसारखी चमकणारी औषधं ठरावीक अंतरानं दोनदा देतात, ती नव्या हाडात बसतात, आणि दोन रेषांमधल्या अंतरावरून हाड किती वेगानं घडतंय ते कळतं. शेवटी मांडीचं हाड दोन टेकूंवर ठेवून मधोमध दाब देऊन मोडतात आणि किती जोर लागला ते नोंदवतात.

शेवटचा प्रयोग का लागतो? फ्लोराइडमुळं. १९९० मध्ये ठिसूळ हाडांच्या स्त्रियांवरचा एक मोठा अभ्यास आला. चार वर्षांच्या फ्लोराइडनं कण्याची घनता ३५ टक्के वाढली, पण मणके मोडायचं प्रमाण म्हणावं तसं घटलं नाही आणि कण्याबाहेरची हाडं उलट जास्त मोडली. घनता वाढली म्हणजे हाड बळकट झालं असं नाही. म्हणून हाडांच्या औषधाला घनतेबरोबर मजबुतीही दाखवावी लागते, अंडाशय काढलेल्या उंदरांत आणि शिवाय एका मोठ्या प्राण्यात, म्हणजे मेंढी किंवा माकड वगैरे.

मोठा प्राणी का, तर उंदराच्या लांब हाडांच्या टोकाची वाढीची पट्टी प्रौढ वयातही बराच काळ पूर्ण बंद होत नाही, आणि माणसाच्या घट्ट हाडात आतल्या आत जुनं काढून नवं भरण्याचं जे काम चालतं ते उंदरात नगण्य असतं. टेरिपॅराटाइड या हाडं घडवणाऱ्या औषधाचं उदाहरण घ्या. उंदरांना जवळजवळ आयुष्यभर मोठे डोस दिले तेव्हा हाडाचा कर्करोग झाला. २००२ मध्ये औषध मंजूर झालं ते या ठळक इशाऱ्यासकट. वर्षानुवर्षं माणसांवर लक्ष ठेवलं, तसा वाढीव धोका दिसला नाही, आणि २०२० मध्ये तो इशारा काढला. उंदीर कधी जास्त घाबरवतो, कधी कमी.

आता लाल_माती यांच्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांकडं येतो. माणसाची वाढीची पट्टी मात्र बंद होते, आणि ती बंद करण्यात मुख्य हात इस्ट्रोजनचा, मुलांमध्येसुद्धा. टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजनमध्ये बदलतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन भरलं की पट्टी वेळेआधी मिटू शकते आणि उंची तिथंच थांबते. ती परत उघडता येत नाही. सार्म्सचं इस्ट्रोजन होत नाही हे त्यांचं कौतुक म्हणून सांगतात. पण सार्ममुळं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन पडलं की त्यापासून बनणारं इस्ट्रोजनही पडतं, आणि पुरुषाच्या हाडाला इस्ट्रोजन लागतंच. १९९४ मध्ये इस्ट्रोजनचा रिसेप्टरच काम करत नसलेल्या २८ वर्षांच्या एका पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. उंची वाढतच होती आणि हाडं ठिसूळ होती. खच्ची उंदराचं हाड सार्मनं वाचलं, यावरून धडधाकट पोराचं हाड सार्मनं सुधारेल असं म्हणता येत नाही.

आणखी एक, स्नायूबंध. स्टिरॉइड दिलेल्या आणि पळवलेल्या उंदरांचे स्नायूबंध ताठर झालेले आढळलेत. स्नायू वाढतो, पण त्याला हाडाशी धरून ठेवणारा दोर त्याच वेगानं तयार होत नाही.

शांतिपथ_निपाणी

सगळं वाचलं, माहिती मोलाची आहे. पण आम्हा जैन घरातल्यांना पहिला प्रश्न वेगळाच पडतो. मुका जीव धरायचा, खच्ची करायचा, औषध द्यायचं, मारायचा, तोलायचा. कशासाठी? एकाचे दंड फुगावेत म्हणून? पेशींवर, संगणकावर हे होत नाही का? कायद्यानं काही बंधन आहे की नाही?

मार्कंडेयकाठ

बंधन आहे. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा, त्याखालचे १९९८ चे नियम, आणि प्रत्येक संस्थेत प्राणी-नीती समिती. किती प्राणी, का, भूल कशी, वेदना कशी कमी करणार, हे लिहून मंजूर झाल्याशिवाय एकही उंदीर वापरता येत नाही.

पर्यायही येतायत. रसायन अँड्रोजन रिसेप्टरवर बसतं का, एवढाच प्रश्न असेल तर तो पेशींवर सुटतो, त्यासाठी ओईसीडीची ४५८ क्रमांकाची पद्धत आहे. खच्ची न करता, नुकतं दूध सुटलेल्या पिल्लांवर करायची पद्धतही मांडली गेली. आपल्या देशात २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत बदल होऊन प्राण्यांशिवायच्या पद्धतींना जागा मिळाली. पण स्नायू ओढतो म्हणून हाड घडतं, वृषण-मेंदूचं चक्र चालतं, यकृत औषध मोडतं, हे सगळं एका बशीतल्या पेशीत दिसत नाही. खंगलेल्या रुग्णासाठी, मोडक्या कंबरेच्या आजीसाठी मला हे प्रयोग गरजेचे वाटतात. जिमसाठी नाही, आणि जिमसाठी ते कुणी केलेलेही नाहीत. त्या उंदरांचा जीव ज्या कामासाठी घेतला, ते सोडून त्यांच्या आकड्यांवर कुणी काळा धंदा करतो, याची मला चीड येते.

शांतिपथ_निपाणी

उत्तर प्रामाणिक आहे, तरी माझं मन मानत नाही. रुग्णासाठीसुद्धा जीव घेणं मला पटत नाही. पर्यायांची माहिती दिलीत त्याबद्दल आभार.

शहापूर_फिटनेस

ते अंतराळातल्या उंदरांचं खरं आहे काय? मायोस्टॅटिन बंद केलं की स्नायू आणि हाड दोन्ही वाढतं म्हणतात. आता मायोस्टॅटिन ब्लॉकर म्हणून पावडर बी मिळते.

मार्कंडेयकाठ

अंतराळातलं खरं आहे. मायोस्टॅटिन हा स्नायूच्या वाढीला लगाम घालणारा प्रथिन-संदेश, १९९७ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये सापडला. त्याचं जनुक काढलेल्या माइसचे स्नायू दुपटीच्या आसपास झाले. बेल्जियन ब्लू गाई-बैलांत हा बिघाड जन्मतःच असतो. डिसेंबर २०१९ मध्ये सी-जिन ली आणि एमिली जर्मेन-ली यांच्या गटानं ४० माइस अंतराळ स्थानकावर पाठवले. वजनरहित अवस्थेत साध्या माइसचे स्नायू आणि हाडं दोन्ही झिजली. मायोस्टॅटिन आणि त्याच्या भावंड-संदेशाला अडवणारं औषध दिलेल्यांची दोन्ही टिकली, उलट वाढली.

पण याच मार्गावरचं एसीई-०३१ हे औषध स्नायू झिजण्याचा आजार असलेल्या मुलांना दिलं तेव्हा नाकातून, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, त्वचेखालच्या बारीक शिरा फुगल्या, आणि चाचणी थांबवावी लागली. ते औषध इंजेक्शनच्या प्रथिनाचं होतं. असं प्रथिन तोंडानं घेतलं तर पोटात पचून जातं. तुला मिळणाऱ्या पावडरीत ते नाही.

लाल_माती

ताई, एक विचारू काय? कोर्स सोडला की सगळं उतरतंय म्हणत्यात. मग ज्यानं एकदा मारला आणि सोडला, तो मैदानात परत बाकीच्यांच्या बरोबरीचाच की?

मार्कंडेयकाठ

फार नेमका प्रश्न विचारलात. २०१३ मध्ये ओस्लोच्या गटानं माइसच्या माद्यांना दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन दिलं. स्नायूचे तंतू जाड झाले आणि तंतूंमधली केंद्रकं वाढली. औषध काढल्यावर जाडी उतरली, केंद्रकं मात्र तीन महिन्यांनंतरही तिथंच होती. माइसच्या आयुष्यात तीन महिने पुष्कळ. मग स्नायूवर भार टाकला तर तो बाकीच्यांपेक्षा वेगानं वाढला. माणसात हे कितपत लागू होतं यावर वाद आहे, पण प्रामाणिक पैलवानावर अन्याय होतो ही तुमची शंका अजिबात फोल नाही. वाडानं सार्म्सवर २००८ पासून बंदी घातलीय, आणि आपल्याकडं २०२२ पासून उत्तेजकविरोधी कायदाही आहे. जत्रेच्या मैदानात मात्र लघवी कोण तपासणार? तिथं वस्तादाचा शब्द हीच तपासणी.

शहापूर_फिटनेस

वय १९. बाटली आजपासून बंद करतो. डोळे जरा पिवळे वाटतात असं आई म्हणत होती. काय तपासू?

खानापूर_ते_हुबळी

डोळे पिवळे असतील तर धाग्यावर थांबू नको. उद्या सकाळीच मेडिसिनच्या डॉक्टरांकडं जा, आणि लघवी गडद होत असेल, खाज किंवा उलटी असेल, तर आज रात्रीच. एलजीडी आणि आरएडी-१४० घेतलेल्यांना कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत.

मार्कंडेयकाठ

यकृताच्या तपासण्या बिलिरुबिनसकट, लिपिड प्रोफाइल, कारण यात चांगलं कोलेस्टेरॉल पडतं, आणि टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच. रक्तदाब बघायला सांग. बाटली फेकू नको, बरोबर घेऊन जा, आणि डॉक्टरांना नाव लपवू नको. काही दिवस गळाल्यासारखं, उदास वाटेल, तेव्हा ट्रेनरनं दिलेल्या ‘पीसीटी’च्या, म्हणजे कोर्सनंतर घ्यायच्या, गोळ्या मनानं सुरू करू नको, त्यांचाही भार यकृतावरच पडतो. आईला बरोबर ने. रिपोर्ट आले की इथं लिही, नाहीतर मला व्यनि कर.